राणू थिल्लारीची ओवी

“...पण आबा, राणू थिल्लारी होता का नव्हता, तेवढं सांगा.”

म्हाकूआबा पारवी गाईच्या मानेखालचे गोचीड काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“शिंग धर जरा हिचं.”

रेवाप्पानं शिंग धरलं. पारवीनं फुसकारून मान झटकली. धरणारा हात तिच्या ओळखीचा नव्हता.

“मी काय विचारतोय, आबा?”

“ऐकलं.”

“मग?”

आबांनी गोचीड दगडावर ठेवून चिरडला आणि दुसरा शोधायला लागले.

रेवाप्पाला हे नवं नव्हतं. पोरवयात तो याच माणसामागं, याच कळपाच्या धुळीत चालला होता. बापानं त्याला आबांच्या हवाली केलं ते गुरं राखायला. आबा जातीचे थिल्लारी. खिल्लार गाईबैलांचे कळप घेऊन मुलूखभर फिरणारे जे थोडे उरले, त्यांतले एक. पावसाळा माणदेशात काढायचा, तिकडचं गवत सरलं की पश्चिमेला डोंगरमाथे गाठायचे. चालता चालता आबा ओव्या म्हणायचे आणि पोरगा मागून झील धरायचा. बघता बघता झील धरणाऱ्याचा आवाज पुढं निघून गेला.

आता त्याचं नाव झालं होतं. जत्रेत रेवाप्पा बंडगर गाणार म्हटलं की लोक ट्रॉल्या भरून यायचे. त्याची थाप ढोलावर पडली की म्हातारे सावरून बसायचे, बाया पोरांना गप्प करायच्या. शहरातली ऊठबस वाढली तशी त्याची भाषाही धुवून निघाली होती. पण कुठंही गेला तरी शेवटी मागणी यायची ती राणूच्या ओवीची.

राणू थिल्लारी नावाचा एक गुराखी. डोंगरावर त्याच्या कळपावर वाघ आला. गुरं उधळली ती थेट कड्याकडं. राणू आडवा धावला, दरीकडं पाठ करून कड्याच्या तोंडाशी उभा राहिला, घोंगडी पसरली आणि गायला लागला. त्याच्या आवाजानं कळप थांबला. एकही जनावर गेलं नाही.

*पाठ दिली कड्याला, तोंड दिलं कळपाला*
*हात पसरून राणू, आडवा आला मरणाला*

या ओळीला रेवाप्पा आवाज असा काही चढवायचा की पुढच्या ओळीच्या आधी लोकांना श्वास घ्यावा लागायचा.

माघात त्याला शहरातल्या एका मोठ्या सभागृहात बोलावणं आलं. गाणं रंगलं. टाळ्या थांबेनात. मग पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी उठून, अगदी आपुलकीनं विचारलं, “हा राणू कुठल्या काळातला हो? गाव कोणतं त्याचं?”

रेवाप्पाचं तोंड उघडं राहिलं. ज्या तोंडातून आत्ता घटकाभर नदीसारखं गाणं वाहत होतं, त्यातून शब्द फुटेना.

मागं कुणीतरी हसलं.

ते हसू त्याच्या कानातून जाईना. ‘माझ्या गाण्यात खोटा शब्द सापडायचा नाही,’ असं तो छातीवर हात ठेवून सांगत आला होता. त्यानं गावं पालथी घातली. पुजाऱ्यांना विचारलं, वाड्यावस्त्यांवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं. ओवी सगळ्यांना पाठ होती. राणू मात्र कुणाच्याच घरातला निघेना. त्याच्या नावाचा साधा शेंदूर लावलेला दगडसुद्धा कुठं नव्हता.

म्हणून तो आबांच्या कळपाचा माग काढत डोंगरावर आला होता.

“तुम्हाला ही ओवी कुणी दिली?”

“माझ्या गुरूनं.”

“त्यांनी राणूला पाहिला होता?”

“न्हाय.”

“मग त्यांना कुणी सांगितलं?”

“त्येनं इचारलं न्हाय.”

“का नाही विचारलं?”

“गुरं राखत हुता.”

रेवाप्पानं शिंग सोडून दिलं.

“आबा, चैत्री जत्रेत मी राणू गाणार नाही. सांगून ठेवतो. जे झालं त्याचंच गाणं करीन. जे झालंच नाही, ते चार लोकांपुढं झालं म्हणून सांगायचं... माझ्यानं नाही व्हायचं.”

“नगं गाऊस.”

आबा संतापतील, ओवीची आण घालतील, असं त्याला वाटलं होतं. उत्तरं तयार करून आणली होती. ती सगळी जागच्या जागी राहिली.

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतंय की. राखणीचा गडी म्हादू सासुरवाडीला गेलाय, पोरीच्या बारशाला. गुरं सड्यावर न्यायला माणूस न्हाय.” आबांनी काठी त्याच्यापुढं केली. “येतूस?”

रेवाप्पा हसला. गुरं राखण्यातही आपण कुणाला हार जाणारे नव्हतो, हे त्याला दाखवायचंच होतं.

“द्या इकडं.”

जाताना आबांनी आपली घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली.

“ऊन आहे, आबा. हिचं काय करू?”

“असू दे.”

* * *

डोंगरमाथ्यावर सपाट माळ लागतो, त्याला तिकडं सडा म्हणतात. कंबरभर वाळलेलं गवत, मधूनमधून काळा कातळ. पश्चिमेच्या अंगाला सडा एकदम संपतो. तिथं गवत नाही, नुसता उघडा कातळ, बैलगाडी वळेल एवढ्या रुंदीचा. आणि त्याच्यापुढं काहीच नाही. कडा सरळ खाली जातो तो झाडांच्या शेंड्यांत दिसेनासा होतो.

गुरं गवतात पांगली. पांढरी, राखाडी, तलवारीसारख्या शिंगांची. खिल्लार जनावर देखणं, पण बुजरं. पानाची सळसळ झाली तरी कान टवकारणारं. रेवाप्पा त्यांच्या कडेकडेनं फिरला, दोन खोंडांना आणि आबा काजळी म्हणायचे त्या कालवडीला हाकारून आत वळवलं आणि स्वतःवरच खूश झाला. काही विसरलो नाही आपण!

“वासरांना झऱ्यावर घिऊन जातू,” आबा म्हणाले. झरा पूर्वेच्या उतरणीला होता. “तू हितंच ऱ्हा.”

“जा बिनघोर.”

आबा दिसेनासे झाले. रेवाप्पा जत्रेत राणूच्या जागी काय गायचं, याचा विचार करत एका खडकावर टेकला.

आधी पारवीनं मान वर केली. मग सगळ्याच गुरांनी, एकदम.

वास त्यालाही आला. मागं वळून पाहिलं तर सड्याच्या मधोमध, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत, धुराची भिंत उभी होती. वणवा. वारा पूर्वेचा होता आणि वाळलेलं गवत तडतडत पेटत इकडंच येत होतं. आबा त्या धुराच्या पलीकडं होते. हाक मारून उपयोग नव्हता.

गुरं उधळली.

रेवाप्पानं काठी उगारली, “हुर्रर्र... हो... हो!” त्यानं ओळखीची सगळी हाकाटी केली. जाळाच्या आवाजात ती विरून गेली. कळप त्याच्या दोन्ही अंगांनी निघून गेला. खुरांखालची जमीन थरथरत होती. पुढं पारवी, आणि तिच्यामागं सगळा आंधळा लोंढा, आगीकडं पाठ करून, कड्याकडं.

मागून वळवणं शक्य नव्हतं. मागं तर जाळच होता.

तो धावला. पुढं कितीतरी वेळा त्यानं आठवून पाहिलं, पण धावायचं कधी ठरवलं ते त्याला सांगता आलं नाही. काठी कुठं पडली कळलं नाही. गवत तोंडावर सपासप लागत होतं. कळपाच्या डाव्या अंगानं तो पुढं निघाला, पारवीच्या बरोबरीला आला, तिच्याही पुढं गेला. पायाखाली कातळ लागला. आणखी चार ढांगा... आणि तो वळला.

पाठीला दरीतला गार वारा लागला.

तोंडावर आगीची झळ, आणि झळेच्या पुढं शिंगं.

त्यानं खांद्यावरची घोंगडी ओढली आणि दोन्ही हातांत धरून पसरली.

“थांबाऽ! आरं थांबाऽ...”

थांबेनात. मग त्याच्या तोंडून दुसरंच काही निघायला लागलं. जत्रेत गायचा तसं नव्हे. ढोल नाही, झांज नाही, मागं झील नाही. दम लागलेला, छातीत धूर भरलेला, सूर तर कुठल्या कुठं गेलेला. पण पोरपणी या कळपामागं चालताना रोज जे म्हटलं तेच शब्द होते. या गाईंच्या आयांनी ते ऐकले होते, यांनी आबांच्या तोंडून ऐकले होते.

*पाठ दिली कड्याला, तोंड दिलं कळपाला...*

पारवी आली ती शिंगं खाली घालूनच आली. खुरांखालचे खडे त्याच्या नडगीवर बसले. तो हलला नाही. हलायला जागाच नव्हती, असं तो नंतर लोकांना सांगायचा. पण डाव्या हाताला जागा होती. ती त्याला दिसली होती.

पारवी थांबली. तिचा ऊन श्वास त्याच्या पोटावर आला.

मागचा लोंढा तिच्यावर येऊन आदळला, दोन्हीकडं फाकला, कातळावर घसरला, थरथरत उभा राहिला. रेवाप्पा गातच होता. उजवीकडच्या टोकाला ती कालवड मागच्या रेट्यानं कडेला आली. तिचा मागचा पाय सुटला. तिनं पुढच्या खुरांनी कातळ खरवडला, एकदा त्याच्याकडं पाहिलं...

आणि ती तिथं नव्हती.

त्याचा आवाज तुटला. सगळी गुरं पुन्हा डळमळली. तसा त्यानं तुटका आवाज पुन्हा धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुरानं की कशानं, बघायला सवड नव्हती. तीच ओळ, पुन्हा तीच ओळ. जाळ गवत खात खात कातळापर्यंत आला. पुढं खायला काही नव्हतं. घटकाभर तो कातळाच्या कडेनं फुसफुसला, आणि विझत गेला.

* * *

आबा आले ते काळ्या राखेतून, धोतराचा सोगा तोंडाला लावून. वासरं खाली झऱ्याच्या ओलीला सुखरूप होती. त्यांनी कातळावर गर्दी करून उभ्या असलेल्या कळपावरून नजर फिरवली. मग रेवाप्पाकडं पाहिलं. तो अजून हात पसरूनच उभा होता.

आबांनी जवळ जाऊन त्याचे हात धरले आणि हळूहळू खाली केले.

“आबा...” त्याचा आवाज पार बसला होता. “येक गेली.”

“कोन?”

“काजळी. माझ्यानं न्हाय झालं, आबा. मी बघत हुतो. माझ्या डोळ्यांम्होरं गेली.”

आबा कड्याच्या तोंडाशी गेले. खाली नुसते झाडांचे शेंडे दिसत होते. त्यांनी ओठांना हाताची ओंजळ लावली आणि सांजच्याला गुरं घरी बोलवावीत तशी एक लांब हाक दिली.

“काजळीऽऽऽ... ये गंऽऽऽ...”

हाक दरीत गेली. आबा ती परत येईपर्यंत थांबले. मग मागं फिरले.

“चल. जनावरांस्नी पानी दावायचंय.”

“आबा, राणूची येकबी गेली न्हवती.”

आबांनी पारवीच्या पाठीवरची राख झाडली.

“पुढनं चाल तू,” ते म्हणाले. “आज ती तुझ्या मागनं येत्याल.”

* * *

चैत्री जत्रेला पटांगण भरून गेलं होतं. वणव्याची गोष्ट रेवाप्पाच्या आधीच तिथं पोचली होती. लोक त्याच्याकडं वळून वळून बघत होते, पोरांना बोटानं दाखवत होते. दुसरा एखादा असता तर त्यानं त्या बघण्याची चव घेतली असती. महिन्याभरापूर्वी त्यानंही घेतली असती. तो खाली मान घालून ढोलाच्या दोऱ्या आवळत बसला.

देवळाच्या पायरीला टेकून म्हाकूआबा बसले होते. त्यांच्या शेजारी तातोबा कोळेकर. जुनं खोड, ओव्यांचा मोठा दर्दी. कुठल्या गायकानं कुठं शब्द गाळला हे त्यांना झोपेतही कळायचं.

उन्हं कलायला लागली. रेवाप्पानं देवाचं नमन केलं, दोन ओव्या झाल्या. मग दरवेळेसारखी गर्दीतून हाक आली.

“राणू होऊ द्याऽ!”

रेवाप्पानं ढोलावर हात ठेवला. आवाज अजून पुरता सुटला नव्हता. त्यानं आबांकडं पाहिलं. आबा तंबाखू मळत होते.

त्यानं थाप मारली.

या वेळी त्यानं आवाज कुठं चढवला नाही. चढवताही आला नसता. खरखरत्या, जड गळ्यानं तो घडलं तसं सांगत गेला. मोकळं रान. चरणारी गुरं. वाघाची डरकाळी. उधळलेला कळप. मागं ज्या ठिकाणी टाळ्या पडायच्या तिथं आज कुणी टाळी दिली नाही. राणूनं घोंगडी पसरली तेव्हा एका म्हातारीनं शेजारणीचा हात धरला. दरीतला वारा राणूच्या पाठीला लागला, हे कुणाच्याच ओवीत नव्हतं. ते त्यानं गायलं, आणि पुढच्या रांगेतली माणसं अंग चोरून बसली.

कळप थांबला. आता शेवटची ओळ. सगळं पटांगण ती त्याच्याबरोबर म्हणायला तयार होऊन बसलं होतं. एकही जनावर गेलं नाही, ही ती ओळ.

रेवाप्पाचा हात ढोलावर थबकला...

मग त्यानं गायलं, सावकाश, एकेक शब्द मोकळा करून,

*कळप राखिला राणूनं, जशी मुठीत वाळू राखावी*
*एक कालवड निसटली, तिची हाक कुणी ऐकावी*

पटांगणात कुजबुज झाली. झांजवाला चुकला आणि थांबला. तातोबा पायरीवरून ताडकन उठले.

“ए रेवाप्पा! असं कुठं हाय रं? राणूची येकबी गेली न्हाय! माझ्या आज्यानं ऐकल्यालं, बानं ऐकल्यालं. समद्या मुलखाला ठावं हाय. वणव्यातनं आलास म्हून काय ओवी बदलशील व्हय?”

कुणीतरी म्हणालं, “बरोबर हाय तातोबांचं.” दुसरा म्हणाला, “गाऊ द्या हो त्याला!” आवाज वाढत गेले. तातोबा आबांकडं वळले.

“म्हाकू, तुझा चेला हाय त्यो. सांग त्येला. तूच सांग काय ते.”

सगळ्यांच्या माना आबांकडं फिरल्या.

रेवाप्पा उठून उभा राहिला. ढोल गळ्यात तसाच होता. शहरातल्या त्या सभागृहात त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तेव्हा त्याला जमीन फाटावी असं झालं होतं. आज तसं काही होत नव्हतं. आबा म्हणाले थांब, तर तो थांबणार होता. म्हणाले जुनी ओळ गा, तर मात्र ती त्याच्या गळ्यातून निघणार नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि त्याची भीतीही वाटत नव्हती.

“आबा,” तो म्हणाला, “म्हनू का नगं?”

आबांनी तंबाखूची चिमूट हातातच ठेवली. ते गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले. तातोबांच्या खांद्याला धरून उभे राहिले आणि आपल्या शिष्याकडं वळले.

“कालवडीचं नाव घ्यायचं ऱ्हायलंय,” आबा म्हणाले.